टिनावर हवेची वाट करून देणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचा पैशाचा हिशेब मिटला. आभार मात्र राहिलेत, आणि ते चारचौघांत मानायचे म्हणून हे उघड पत्र.

यंदा मे महिन्यात पारा ४५ च्या वर होता आणि माझी आई आपल्या घरात, आपल्या खाटेवर झोपली. विदर्भाबाहेरच्या लोकांना यात काय मोठं, ते कळायचं नाही. आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर लाकडी माळा, त्यावर पूर्वी कवेलू, म्हणजे मातीची कौलं. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट लावायचे, वानरं ते पुन्हा फोडायची, मग फेरणारी माणसंही मिळेनाशी झाली. गावातल्या सगळ्यांसारखे आम्हीही टिनाचे पत्रे टाकले. तेव्हापासून उन्हाळा आला की आईची रवानगी बहिणीकडे. म्हातारपणी स्वतःचं घर सोडून जाताना ती काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

तुमच्याआधी आलेल्यांची नावं घेत नाही. एक म्हणाला, आणखी एक कुलर लावा. दुसऱ्याने फॉल्स सीलिंगचं कोटेशन सोबतच आणलं होतं. तिसऱ्याने टिनाला भोक पाडून पंखा बसवला आणि कडेला सिलिकॉन थापलं. पहिल्याच पावसात माळ्यावरचे गव्हाचे पोते भिजले, आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण यातला एकही माणूस माळ्यावर चढला नाही, आईच्या खोलीत घटकाभर थांबला नाही. तो राग अजून आहे.

तुम्ही भर दुपारी माळ्यावर गेलात. घामाने निथळत खाली उतरलात आणि मोजमाप सांगण्याआधी आईच्या खाटेजवळ खालीच बसलात. "आजी, तुम्हाले तरास कवा जास्त होते, दुपारी का राती?"

भाऊ, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. सगळे माझ्याशी बोलायचे.

आई म्हणाली, "राती. वरून भट्टीवानी येते. कवेलू होते तवा चुलीचा धूर बी वरून निघून जाये."

तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, आजीनं रोग सांगितला. कवेलूच्या फटीफटीतून घर श्वास घ्यायचं; टिनाने ते वरून बंद केलं. टिन संध्याकाळी निवतं, पण माळ्याची लाकडं आणि मातीच्या भिंती दिवसभराची आग रात्री सोडतात, आणि त्या गरम हवेला जायला वाट नाही. कुलरचंही तेच. जुनी हवा निघाल्याशिवाय नवी गार हवा खोलीत शिरणार कुठून?

आता आढ्याजवळ तुम्ही बसवलेला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोळा (टर्बाइन व्हेंटिलेटर) वाऱ्यावर फिरतो आणि गरम हवा बाहेर काढतो, विजेचा खर्च नाही. नुसता गोळा बसवून भागत नाही, खालून हवा आत यायला हवी, हे तुम्हीच सांगितलंत, आणि वळचणीखाली दोन्ही अंगांनी जाळ्या लावल्यात. माळ्याच्या झाकणालाही जाळी, तीही आईच्या खोलीवरची. गोळ्याच्या बुडाच्या पत्र्याची वरची कड तुम्ही आढ्याच्या पत्र्याखाली सरकवलीत, म्हणजे पाणी वरूनच वाहून जातं. यंदाचा पाऊस धो धो झाला, पण माळ्यावर थेंब नाही.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. काम घेण्याआधीच तुम्ही म्हणालात, बाहेर ४५ असलं तर हा गोळा घरात ३० करणार नाही. साचलेली गरम हवा तेवढी काढेल. वरून टिनाला पांढरा रंग द्या, तो तुम्हीच दिला तरी चालते, मला बोलवायची गरज नाही. आपल्या मालाची मर्यादा गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस मी बाजारात फार कमी पाहिला. अशा माणसांच्या भरवशावर साध्या घरांचा संसार चालतो, आणि त्यांचं नाव कुठल्या पाटीवर लागत नाही.

आई रात्री दहा-साडेदहाला झोपते. मधे उठून पाणी मागत नाही. तुम्ही परत कधी येता, हे मात्र विचारते. पोळ्याला या, जेवूनच जायचं.

शेजारच्या काकांकडे यंदा कवेलू काढून टिन टाकायचं चाललंय. मी त्यांना सांगून ठेवलंय, टिन चढवायच्या आधी तुम्हाला बोलवा, आणि तुम्ही आलात की काकूंना घरातच राहू द्या, तुम्ही त्यांनाही विचाराल.

तुमचा,
आजींचा मुलगा