सरपंच झालेल्या लेकीला

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवाच्या मासिक सभेत काय झालं ते मला तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. तू मात्र फोनवर ‘काही नाही बाबा, नेहमीचंच’ म्हणून विषय संपवलास. म्हणून हे पत्र. लिहिलेलं तू सवडीनं वाचशील.

वरच्या वाडीला पाणी पोचत नाही, हे तुझं म्हणणं खरंच आहे. खालचे नळ सुरू असले की वरच्या अंगाला दाब राहत नाही. जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटरचं माप त्या वाडीपुरतं कागदावरच आहे. सकाळी सहा ते आठ आधी वाडीला पाणी सोडायचं, हा तुझा प्रस्ताव सरळ होता. उपसरपंचांनी विरोध केला आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘तुम्हाला फक्त राजकारण करायचंय.’ पुढचा तासभर दोन्ही पॅनेलचे लोक एकमेकांची जुनी उणीदुणी काढत बसले. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

तुझी जागा अवघड आहे, हे मी जाणतो. 2022 मध्ये सरपंचाची थेट निवड पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं कितीतरी गावांत झालंय. ग्रामसेवकीच्या नोकरीत मी असली पंचायत जवळून पाहिली आहे. पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, म्हणून सरपंच निर्धास्त. सदस्य सभेला येत नाहीत, आले तर गणपूर्ती मोडून उठून जातात. वित्त आयोगाचा निधी खात्यात पडून, आणि शाळेचं छत गळतंय. भांडण दोघांचं, पण भिजली ती पोरं.

उपसरपंचांचा विरोध कशाला आहे, हे तू त्यांना विचारलंस का? त्यांच्या आळीतल्या बायका सातच्या टेम्पोनं द्राक्षबागेत कामाला जातात. आठपर्यंत पाणी वाडीला गेलं तर त्यांनी भरायचं कधी? सभेत त्यांनी हे अर्धवट बोलून दाखवलं होतं म्हणे, पण तोवर तुझा आवाज चढला होता. त्यांच्या विरोधात राजकारण असेलही. म्हणून त्या बायकांची अडचण खोटी ठरत नाही. तू त्या बायकांचीही सरपंच आहेस.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल मी तुला पूर्वी सांगितलं होतं. देवाजी तोफांचं गाव. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची निर्णयाची रीत. तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात प्रश्न सगळ्या बाजूंनी समजून घ्यायचा, तिथं निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. कुणाची हरकत असेल तर विषय थांबतो आणि पुन्हा चर्चेला येतो. आपलं गाव तसं नाही, तीन वाड्या आणि दोन पॅनेल आहेत. सगळे एका सुरात बोलतील ही आशा मी करत नाही. पण समजून घेण्याची बैठक आणि ठरावाची बैठक वेगळी ठेवणं तुला जमण्यासारखं आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा सह्यांपुरती होते. या वेळी खरी घे, आणि दोन्ही आळ्यांतल्या बायकांना एकत्र बसवून पाण्याची वेळ त्यांनाच ठरवू दे. पाणी सोडणाऱ्या माणसालाही बोलाव. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की कुठं धार बारीक होते, हे त्याच्याइतकं पंचायतीत कुणाला ठाऊक नाही. जी वेळ निघेल ती पंधरा दिवस चालवून बघा, ठराव नंतर करा. आणि इतिवृत्तात विरोधकांची हरकत त्यांच्याच शब्दांत लिहून घे. ‘चर्चेअंती मंजूर’ एवढंच लिहिलेलं वाचलं की माणूस पुढच्या सभेला भांडायच्या तयारीनंच येतो.

सगळंच मात्र तडजोडीला काढू नकोस. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी करायचा असतो. तो ‘या वर्षी राहू दे’ असं कुणी म्हणालं, मग ते तुझ्या पॅनेलचे असोत की मी असो, तिथं ऐकायचं नाही. नियम दाखवायचा आणि पुढं जायचं. त्यासाठी वाईटपणा आला तर तो घे. पाण्याच्या वेळेसाठी घेऊ नकोस.

उपसरपंचांकडे जाशील तेव्हा एकटी जा. पॅनेलची माणसं बरोबर नकोत. सभेत बोललेल्या त्या वाक्याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त कर, वेळापत्रकाचं मग काढ. ते कदाचित ताठच राहतील. तरी महिला सभेची तारीख त्यांना विचारूनच ठरव, आणि नोटीस निघाली की मला कळव.

तुझे,
बाबा