घुसखोर हुडकायचे तर आधी टेबले तपासा

महोदय,

'घुसखोरांना हुडकून हाकलून द्या' असे बजावणारी पत्रे हल्ली आपल्या सदरात वरचेवर दिसतात. घुसखोरांना ठेवून घ्या, असे माझेही म्हणणे नाही. पण माझी सारी नोकरी तहसील कचेरीत गेली, म्हणून ते हुडकायचे कसे याबद्दल थोडे लिहितो.

बांगलादेशाला लागून असलेली आपली सीमा सुमारे 4,096 किलोमीटरची. त्यातल्या 3,232 किलोमीटरवर कुंपण झाल्याचे केंद्राने 2025 मध्ये संसदेत सांगितले. उरलेल्या पट्ट्यात कुठे नदी, कुठे दलदल, कुठे जमीन ताब्यात आलेली नाही. तिथून कुणी येतच नाही, असे कोण म्हणेल? पण आलेला माणूस मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षे टिकतो तो कागदांच्या जोरावर, आणि त्यातले बरेच कागद आपल्याच कचेऱ्यांत तयार होतात.

उशिराच्या जन्मनोंदीचेच घ्या. वर्षाहून जुनी नोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. 2023 च्या दुरुस्तीने हे काम महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. फायलीत काय असते? अर्ज, नोंद सापडत नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पंचनामा. पंच कोण, तर कचेरीसमोरच्या टपरीवर दिवसभर बसणारे तेच ते दोघे! शंभर फायलींवर त्यांच्याच सह्या मी पाहिल्या आहेत. मालेगावचे संशयास्पद जन्मदाखल्यांचे प्रकरण गाजल्यावर राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये विशेष तपास पथक (एसआयटी) नेमले, दाखले थांबवले, मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणली. योग्यच केले. मात्र त्या गदारोळात इथल्याच पिढीजात रहिवाशांचे अर्जही अडकले.

दुसरीकडे पाहा. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी ठरवून थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्यांचे कागद बंगाल सरकारने पुढे केले, तेव्हा सीमा सुरक्षा दलाला पलीकडच्या रक्षकांशी बोलून त्यांना परत आणावे लागले. संशयिताची त्याच्या राज्याकडून खातरजमा करून घ्यायला केंद्रानेच मे महिन्यात 30 दिवसांची मुदत आखून दिली होती. मग एवढी घाई कशाची? हे पहिल्यांदा घडले असेही नाही. जुलै 1998 मध्ये, शिवसेना-भाजप युतीच्या राज्यात, मुंबई पोलीस जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेत होते. उलुबेरिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले, आणि दोन राज्य सरकारांत जुंपली.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या माणसावरच टाकली आहे. परदेशी नागरिकांविषयीच्या 1946 च्या कायद्यात तसे होते, 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसेच आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावर नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. ठीक. मग त्याने दाखवायचे तरी काय, आणि कुठे? परदेशी नागरिक ठरवणारे लवाद आजवर चालले ते आसामात. आपल्याकडे पोलीस ठाण्यातला अंमलदार समोरच्याची बोली ऐकतो आणि मत बनवतो. मुर्शिदाबादचा गवंडी आणि सीमेपलीकडच्या राजशाहीचा गवंडी यांच्या बोलण्यातला फरक आमच्या हवालदाराला कळणार कसा?

ज्यांना हे सोपे वाटते त्यांनी 2023 चा हिवाळा आठवावा. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना महसुलाचे कर्मचारी रात्री-रात्री दप्तरे उपसत होते. कोतवाल बुके, गाव नमुना नंबर 14 अशा जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, त्यातली मोडी, वाळवीने खाल्लेली पाने. मोडी वाचणारे मिळेनात. नोंद सापडावी तर त्यात नावच नाही, नुसते 'मुलगा' आणि पुढे बापाचे नाव. याच मातीतल्या माणसांच्या आजोबांची नोंद काढायला अख्खी शासकीय यंत्रणा राबली, तरी अनेकांच्या हाती काही लागले नाही. आणि वीटभट्टीवरच्या परप्रांतीयाने मात्र आज्याचा कागद रात्रीतून हजर करायचा!

बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला आणि पुरवणाऱ्यालाही नव्या कायद्यात 2 ते 7 वर्षांची कैद आहे. पण छाप्यानंतर छापून येतो तो ओळीने उकिडवे बसवलेल्या मजुरांचा फोटो. त्यांना साइटवर आणणारा मुकादम, कमी मजुरीत राबवणारा ठेकेदार, भाडेकराराविना खोली देणारा घरमालक, सही ठोकणारा बाबू त्या फोटोत कधी दिसत नाहीत. उशिराच्या दाखल्यांच्या तपासाचा अहवाल सरकारने जाहीर करावा, आणि कोणत्या टेबलावरून किती दाखले सुटले, पंच कोण होते आणि त्या अधिकाऱ्यांवर काय कारवाई झाली, हे त्यात तालुकावार द्यावे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा