सोनूला, भुसावळहून

प्रिय सोनू,

सलाम. पोहोचल्याचा मेसेज मिळाला, पप्पांनी पण बघितला पण काही बोलले नाहीत. फोनवर आपलं दोघांचं लगेच बिनसतं म्हणून लिहितेय. एकच विचारते, तिकडे पुण्यात रविवारी चर्चला जातोस ना? जाऊ दे, हे विचारायला बसले नव्हते.

उपासनेत तू गिटार वाजवतोस त्यावरून चर्चच्या मीटिंगमध्ये काय झालं ते मी समोर बसून ऐकलंय. "तुम्हा पोरांना नुसता शो करायचाय" हे अंकल चुकीचंच बोलले, आणि तेही सगळ्या मंडळीसमोर. मत्तय १८ मध्ये प्रभूने सरळ सांगितलंय, भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे एकट्याकडे जा, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, मंडळीपुढे मांडायचं ते त्यानंतर. अंकलनी सुरुवातच तिथून केली. मी त्यांच्या घरी जाऊन हे त्यांना सांगून आले, चहासुद्धा घेतला नाही. माझ्या पोराला कुणी असं बोललेलं मला सहन होत नाही.

पण तू रागात एक गोष्ट ऐकलीच नाहीस रे. मागून मावशी म्हणाल्या, बेटा गाणं छान आहे पण गिटारमध्ये शब्दच कळत नाहीत. त्या भांडत नव्हत्या. त्यांना आता पुस्तक दिसत नाही, गाणं कानानेच धरावं लागतं. आणि तू अंकलला आणि त्यांना एकच उत्तर दिलंस, "म्हणूनच तरुण पोरं येत नाहीत इथे", आणि गिटार उचलून निघालास ते थेट महाराष्ट्र एक्सप्रेसमध्येच बसलास. टोमण्याला उत्तर नाही दिलं तरी चालतं, मावशींना द्यायला पाहिजे होतं.

प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ काढून वाच. पहिल्या मंडळीत पण कुरकुर झालीच होती ना, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलतात म्हणून. प्रेषित म्हणाले नाहीत की आम्हाला विचारणारे तुम्ही कोण. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडा म्हणाले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं बघ, सगळी ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात काम दिलं. मावशींनाच विचारलं असतंस की पुढच्या रविवारी कुठलं गाणं घेऊ, तर त्या तुझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या, तुला माहितीये त्या कशा आहेत. बघ, संडे स्कूल सुरू केलं मी. सॉरी बेटा, शिकवून शिकवून सवय लागलीये.

आजोबांनी पहिल्यांदा उपासनेत ढोलकी आणली तेव्हा पण हेच झालं होतं, तमाशाचं वाद्य म्हणाले लोक. आजोबा कुणाला काही बोलले नाहीत, जो माणूस सगळ्यात जास्त बोलला त्याच्याच घरी संध्याकाळी ढोलकी घेऊन गेले आणि म्हणाले तुमच्या आवडीचं भजन सांगा. आजी म्हणायची, लोके बोलतस, बोलू दे, आपलं गानं सोडानं नही. कॅरल्सच्या रात्री तू त्याच ढोलकीच्या खोळीवर झोपून जायचास, तुला स्वेटर घातला की रडायचास, आजोबा भाकरी कुस्करून भरवायचे तेव्हा गप्प व्हायचास. कुठल्या कुठे गेले मी.

आणि ना. वा. टिळकांची जी भजनं जुनी म्हणून अंकल तुझ्यापुढे ठेवतात ती त्यांच्या काळी नवीनच होती ना? १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपले अभंग, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, नाहीतर इंग्रजी चालींवरच गात बसलो असतो. हे तू अंकलला सांगू शकतोस, पण शांतपणे, त्या दिवशीसारखं नाही.

मला भीती वेगळीच आहे. मोठे मामा पण असेच एका मीटिंगमधून उठून गेले होते, आठवतं ना, मग नाताळला पण आले नाहीत, मग कुठेच गेले नाहीत. म्हणून विचारते रे सारखं. कुठलंही चर्च चालेल, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल, गिटार नको वाजवूस.

नाही, वाजव. रेल्वे कॉलनीतल्या ज्या पोरांना तू शिकवलंस ती घरी येऊन विचारतात दादा कधी येणार, त्यातला लहाना आता तुझ्यासारखीच मान तिरकी करून वाजवतो. पप्पा बघत बसले होते त्याच्याकडे.

पार्सलमध्ये कळण्याचं पीठ आणि शेव पाठवलीये.

अंकलनी तुझा नंबर मागितला, मी दिला. माफी मागतील की परत सुनावतील मला माहीत नाही. आधी त्यांना पूर्ण बोलू दे, मग तुझं सांग, आणि मावशींच्या शब्दांचं काय करायचं ते तूच त्यांना विचार.

तुझी,
मम्मी