दांडी सोडून चालू दे

नागपूर, १८ एप्रिल

प्रिय सखी,

तोल सुधारावा म्हणून काकूंना स्विमिंग टँकवर न्यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. मात्र टँकच्या कडेची दांडी धरून अर्धा तास फेऱ्या मारल्या आणि झालं, असं होऊ देऊ नकोस. दांडी धरली की तोल हात सांभाळतात, पाय काहीच शिकत नाहीत.

पाणी छातीपर्यंत हवं. तिथे पायांवर अंगाचं साधारण एक तृतीयांश वजन येतं, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. शिवाय तोल गेलाच तर पाणी पडू देत नाही पटकन. पाऊल टाकून सावरायला वेळ मिळतो. तेच तर शिकायचं आहे. गळ्यापर्यंत पाण्यात नेलंस तर तळवे उचलले जातात.

आधी ५ मिनिटं साधं चालणं. मग आडवं: उजवा पाय बाजूला, डावा त्याच्याजवळ, १० पावलं जायचं, १० यायचं. यालाच जास्त वेळ दे, कारण उतारवयात खुबा मोडतो तो बहुतेक वेळा कुशीवर पडून. चालता चालता कंबर वळते आणि आडवं चालणं नकळत सरळ होऊन जातं. पावलांची बोटं समोरच्या भिंतीकडेच आहेत ना, पाण्यातून बघत राहा. त्यानंतर उलटं चालणं, मग एका पायावर १० सेकंद. हे जमलं की तू शेजारून हातांनी पाणी ढवळ. त्या हेलकाव्यात उभं राहणं हा खरा व्यायाम. अंक मोठ्याने मोजायला लाव, नाहीतर श्वास रोखून धरतील.

आठवड्यातून २-३ दिवस पुरे. पण पाण्यात हाडांवर पुरेसा भार येत नाही, म्हणून घरी खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठबस आणि ओटा धरून टाचा उचलणं हवंच.

जपायचं ते बाहेर निघताना. पाय अचानक जड होतात, बीपीच्या गोळ्या असतील तर चक्करही येते. पायरीवर थोडं थांबवून हळू वर आण, ५ मिनिटं बसव. ओल्या फरशीवर रबरी तळाचे जोडे घालूनच चालू दे. आपल्या उन्हाळ्यात पाण्यातही घाम जातो, तो कळत नाही. आधी आणि नंतर एकेक पेला पाणी पाजच. पायाला जखम असेल तर ती भरेपर्यंत टँक नको. आणि डॉक्टरांना गोळ्यांची यादी आधी दाखव, झोपेची गोळी असेल तर तीही.

पहिल्या दिवशी १५ मिनिटांतच बाहेर काढ, आणखी थांबते म्हणाल्या तरी.

काकूंना नमस्कार.

तुझीच