घरी बसूनच का करत नाही, याचं उत्तर

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, काम सगळं लॅपटॉपवरच आहे तर थायलंडला चियांग माईत भाडं भरून कशाला राहतेस, आपली वरची खोली रिकामीच आहे की. तेवढ्यात माझा कॉल सुरू झाला म्हणून ठेवला फोन, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आणि फोनवर बोलायला गेलं की आई मधेच जेवलीस का विचारते आणि विषय तिथंच संपतो, म्हणून सरळ लिहूनच काढते.

आधी पैशाचं, कारण खरी काळजी तीच आहे. बाबा, तुम्हाला तर हे सगळ्यात आधी कळायला पाहिजे. तुम्ही वर्षानुवर्षं मजुरीवर टॉवेल विणून दिलेत, सूत शेठचं, माग आपले, पगार बिगार काही नाही, माल पोचला की हिशोब आणि पैसे शेठला सवड मिळेल तेव्हा. माझंही तेच चाललंय. जर्मनीतल्या दोन आणि नेदरलँडच्या एका छोट्या कंपनीला वेबसाईट आणि ॲपचं डिझाईन करून देते, बिल पाठवते, महिन्याभराने पैसे येतात. तुमचा शेठ एकच होता, तो बसला की आपलं घर बसायचं, माझे तीन आहेत एवढाच फरक. गेल्या वर्षी त्यातल्या एकाने अचानक काम थांबवलं तेव्हा ओढाताण झालीच, तुम्हाला बोलले नाही कारण तुम्ही लगेच एफडी मोडायला बँकेत गेला असतात. आता सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात पडलेला असतो, त्याला हात लावत नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, ते खरंय. मेडिकल इन्शुरन्स मात्र आहे, माझा मीच काढलाय.

दुसरं, काकांना कुणीतरी सांगितलंय की मी टुरिस्ट व्हिसावर लपून काम करते. असलं काही नाहीये. थायलंडने जुलै 2024 पासून डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा व्हिसा चालू केलाय तो आमच्यासारख्यांसाठीही आहे, पाच वर्षांचा असतो, एका वेळी 180 दिवस राहता येतं, खात्यात 5 लाख बात (इथलं चलन) दाखवावे लागतात म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर (म्हणून तर मी दोन वर्षं गाडी घेतली नाही, तुम्हाला वाटलं कंजूष झाली). अट एवढीच की इथल्या कंपनीत नोकरी धरायची नाही, काम बाहेरच्या देशाचं पाहिजे. सलग राहिलं तर दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. टॅक्सचं पण सांगते नाहीतर बाबांना झोप लागणार नाही. इथं एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की आपण इथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरते इथले रहिवासी होतो, आणि 2024 पासून बाहेरची कमाई इथं आणली तर त्यावर टॅक्स लागू शकतो, तिकडे भारतात 182 दिवसांचं गणित वेगळं आणि ते एप्रिल ते मार्च धरायचं. डोकं फिरतं. पासपोर्टवरचे सगळे शिक्के मी एक्सेलमध्ये लिहून ठेवते आणि सीएला दाखवते, रिटर्न वेळेत भरलंय.

आता वरची खोली.

खरं सांगू का, घड्याळ बघितलं तर सोलापूरच बरं आहे. उन्हाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ आणि माझ्याकडे रात्रीचे दहा. नेट पण आता घरी चांगलं आहे. पण मागच्या वेळी मी घरून काम केलं तेव्हा काय झालं आठवतंय का? मी वर क्लायंटला स्क्रीन दाखवत होते, खालून आई ओरडायली, पाणी आलंय गं, मोटर लाव. लावली. परत येऊन बसले तर सिलिंडरवाला. मग मावशी आली, नुसतं तोंड दाखवून जा म्हणाली, आणि मी गेले नाही म्हणून ती स्वतःच वर आली, शेंगाचटणीचा डबा घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर उभी, आणि तो जर्मन माणूस बिचारा तिला हॅलो म्हणायला लागला. आई, तुझ्यावर राग नाहीये. पण जी घरात आहे ती मोकळी आहे असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं, आणि त्यातून मुलगी असली तर विचारूच नका. दादा घरून काम करायचा तेव्हा त्याचा चहा वर जायचा, माझ्या वेळी मीच खाली येऊन सगळ्यांचा करायचे.

आणि इथं माझ्यासारखंच काम करणारी माणसं भेटतात हे मोठं आहे. एका केरळच्या मुलाने माझी बिलं बघून सांगितलं की तू फार कमी लावतेस, त्याच्यामुळे मी रेट वाढवला आणि क्लायंटने कुरकुर न करता दिला. सोलापुरात हे कुणाशी बोलणार, या लाईनमधले सगळे हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेले ते तिथलेच झाले. शिवाय रात्री दहाला काम संपलं की मी एकटी चालत जाऊन नूडल्स खाऊन येते, कुणी विचारत नाही कुठं चाललीस. आपल्या कॉलनीत नऊला आले तरी दुसऱ्या दिवशी तीन घरांत चर्चा.

सगळं छान आहे असं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल इथं शेतं आणि जंगलं जाळतात, धुराने समोरचा डोंगर दिसत नाही, घसा धरतो. म्हणून ठरवलंय की जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेआधी यायचं आणि मार्च अखेरपर्यंत राहायचं, काम करतच. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येईन, स्टेशनवर येऊ नका, रिक्षा करते. तेव्हा जर्मनीचं घड्याळ आणखी एक तास मागे जातं, म्हणून दुपारी दीडपासून रात्री साडेनऊपर्यंत वरचं दार बंद, कुणी आलं तरी मी ऑफिसला गेलेय असं सांगायचं. मोटर दादा लावेल. जमलं तर दरवर्षी असंच करू, नाही जमलं तर बाबा, वरची खोली भाड्याने देऊन टाका.

आणि लग्नाच्या बायोडेटामध्ये तुम्ही एमएनसीत नोकरी असं लिहिलंय ते काढा. फ्रीलान्स डिझायनर लिहा, ज्याला चालणार नाही तो आधीच कळलेला बरा.

आई, शुगरचा रिपोर्ट फोटो काढून पाठव, नुसतं नॉर्मल आहे म्हणू नकोस, आकडा दिसला पाहिजे, जेवणाआधीचा आणि नंतरचा दोन्ही.

तुमची,
चिऊ