सांगलीच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना, जाहीर थँक्यू

दादा, तुमचं नाव टाकत नाहीये कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलंत की कळेलच.

आमचे बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, लाल खूण दिसली म्हणजे घोळ हे डोक्यात फिट्ट. आणि त्यांना फसवणाऱ्या ऑनलाइन चोरट्यांनी नेमकं तेच पकडलं. स्क्रीनभर अलर्ट, भोंग्यासारखा आवाज, खाली मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर. बाबांनी लावला, पलीकडचा माणूस एकदम गोड, सर सर करत एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाकायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून दाखवलं, हे बघा सर किती एरर, सगळा व्हायरस. मग 'लाइफटाइम सिक्युरिटी'चे पैसे कार्डवरून घेतले आणि वर नेट बँकिंग उघडा म्हणाला, तेव्हा आईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने सरळ वायफायचा प्लगच ओढला. (आई, तुझं वेगळं पत्र लिहिणारे.)

बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली ऑनलाइनचं ऑनलाइनच बघा. एका चकाचक दुकानात सांगितलं फॉरमॅट मारा, नवीन अँटीव्हायरस घ्या, म्हणजे त्यांनीही भीतीच विकली, फक्त पावती देऊन. नातेवाईकांचं तर सोडाच, 'तुमच्यासारखा शिकलेला माणूस कसा काय' हे ऐकून ऐकून बाबांनी बोलणंच बंद केलं होतं.

तुमच्याकडे आलो तर तुम्ही आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून दिलात, कार्ड ब्लॉक झालं का विचारलंत, एनीडेस्क काढलंत, मशीन तपासलंत, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलायला लावलेत. हे सगळं भारीच होतं, पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

तुम्ही तुमच्या स्वतःच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडलंत आणि माउस बाबांच्या हातात दिलात. 'काका, माझ्या मशीनचे एरर मोजा बरं.' बाबा खाली खाली जात राहिले, लाल खुणा, पिवळे त्रिकोण, संपेचनात. मग तुम्ही म्हणालात, हे प्रत्येक विंडोजमध्ये असतं, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली तरी नोंद होते, आणि खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अलर्टमध्ये फोन नंबर कधीच नसतो. तो भोंगा म्हणजे नुसतं एक वेबपेज, एस्केप दाबून धरा, नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, गेलं. बाबांनी चष्मा पुसला आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून प्रश्न विचारला, 'मग ही तारीख कशाची?' आणि तुम्ही गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यांना सांगत बसलात. मी मागे तोंड फिरवून उभी होते.

एवढं साधं वागायला काय लागतं हो? बँकेतल्या त्या बाईकडेही कॉम्प्युटर होताच की.

पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. बाबा मात्र आता सोसायटीतल्या काकांना घरी बोलावून स्वतःच्या मशीनमधल्या लाल खुणा दाखवतात, आई चहा करून करून वैतागलीये.

आणि दादा, तुम्ही बिल घेतलं नाहीत हे चालणार नाही. जीपे करतेय, परत पाठवू नका.