बाथरूममधले गॅस गिझर ड्राय बाल्कनीत हलवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब व समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, परभणी

स.न.वि.वि.

जिन्याजवळच्या फळ्यावर लागलेली सूचना वाचली. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावला असेल तर गॅस गिझर बसवायला समितीची हरकत नाही, असं तिच्यात म्हटलं आहे. ही अट पुरेशी नाही आणि या अटीवर परवानगी देऊ नये, अशी माझी विनंती आहे. साखर कारखान्यात बॉयलरवर माझी नोकरी झाली. जाळ आणि हवेचा हिशेब तेवढा मला कळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लोक गॅस गिझर हौसेनं घेत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि सकाळी नेमकी लाइट जाते. गॅस गिझरला लाइट लागत नाही. पाण्याच्या दाबानं व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन जाड सेलवर ठिणगी पडते. समितीच्या अटीची गोम इथंच आहे. लाइट गेली की फॅन थांबतो, गिझर मात्र चालूच राहतो. ज्या वेळेसाठी माणूस हा गिझर घेतो, त्याच वेळी तुमचा बंदोबस्त बंद पडलेला असतो.

आता हिशेब. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम पाच बाय सात फुटांचं, उंची साडेआठ फूट. आत हवा जेमतेम साडेआठ घनमीटर. दोघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या आणि गिझर वीस मिनिटं चालला, तर चार घनमीटर हवा त्यालाच लागली. पुष्कळ गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण नळ बंद करून परत सोडला की पुन्हा पेटतात, आणि घरोघरी तेच चालतं. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून दोन-तीन टक्के उतरला तरी गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. "वास आला की बंद करू" असं बरेच जण म्हणतात. एलपीजीत मुद्दाम मिसळलेला तो घाण वास गळती कळावी म्हणून असतो, जळल्यावर तो उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं असेल. मग पायातलं बळ जातं, आणि दाराला आतून कडी असते.

कोणी म्हणेल, ज्याचं बाथरूम त्यानं बघावं. पण आपल्या सगळ्या बाथरूमच्या खिडक्या आणि फॅन एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या तळापासून गच्चीपर्यंतच्या उभ्या पोकळीत, उघडतात. पावसाचं पाणी आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून त्या डक्टवर गच्चीत पत्रा ठोकून बसवला आहे. खालच्या घरातला धूर फॅननं डक्टमध्ये ढकलला की तो गरम असल्यामुळे वर चढतो, पत्र्याशी अडतो आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आत शिरतो. ज्याच्याकडे साधा बंब किंवा विजेचा गिझर आहे, त्यालाही तो श्वासात घ्यावा लागतो. म्हणून हा विषय समितीचा आहे. पत्रा काढून टाका असं मी म्हणत नाही. तो दीड फूट उचलून चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि कबुतरांसाठी जाळी लावावी. वेल्डरचं एका दिवसाचं काम आहे, दुरुस्ती निधीतून व्हावं.

गिझरची जागा ड्राय बाल्कनी. मात्र आपल्याकडे निम्म्या लोकांनी ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून तिची खोलीच करून टाकली आहे. तिथं खाली आणि वर कायमची उघडी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळला तर फरशीवर साचतो, त्याला खालून वाट लागते. जळालेला धूर वरून जातो. बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून गिझर बसवू नये, नाहीतर धूर पुन्हा घरातच येतो. समोरून वारं येणाऱ्या भिंतीपेक्षा आडोशाची बाजूची भिंत बरी. खाली शेगडी नको, शेजारी पडदा किंवा प्लायचं कपाट नको, स्विचबोर्डही नको.

बाल्कनीच्या भिंती चार इंची सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या आहेत. त्यात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून गिझर टांगला तर नळ्यांच्या ओढीनं महिन्या-दोन महिन्यांत तो हलायला लागतो, आणि हलला की गॅसच्या जोडावर ताण येतो. आरपार बोल्ट आणि मागून पट्टी, एवढं करून घ्यावं. ज्योत दिसण्याची खिडकी डोळ्यांसमोर येईल अशी उंची ठेवावी. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, काजळी दिसली, की गिझर बंद. आपल्या बोअरच्या पाण्यानं आत क्षार बसतात, त्यामुळे दर वर्षी थंडीआधी सफाई लागणारच.

गॅससाठी ISI शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळीच वापरावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ती भिंतीतून आरपार नेऊ नये, तारेनं आवळून जोड देऊ नये. भिंत ओलांडायची तर तांब्याची लाइन टाकावी आणि ते काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्यावं. बाथरूमपर्यंतचा गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा असावा, साधा पांढरा पीव्हीसी नको. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरलं की झालं. चौथ्या मजल्यावर टाकी जवळ असल्यानं दाब कमी पडतो, तिथल्या लोकांनी कमी दाबावर चालणारं मॉडेल विचारून घ्यावं.

ज्यांचे गिझर आधीच बाथरूममध्ये आहेत त्यांना थंडी सुरू व्हायच्या आत हलवायला सांगावं. तोवर दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळ. भाडेकरूंच्या घरात हा खर्च मालकानं करावा. खोल्या करून राहणाऱ्या पोरांकडून ती अपेक्षा ठेवू नये. सुधारित सूचनेवर गॅस गळतीसाठी 1906 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे नंबर मोठ्या अक्षरांत टाकावेत.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. ड्राय बाल्कनीत जागा आखून द्यायला कोणाला मदत लागली तर मी टेप घेऊन यायला तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
ब विंग, चौथा मजला

प्रत : सचिव व खजिनदार